शमुवेलला हाक ओळखायला कोणी शिकवले?

सामान्य काळातील दुसरा रविवार
वाचने : १ शमुवेल ३:३-१०, १९, योहान १:३५-४२



नाताळच्या आधीच्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली, माणसे घरी गेली आणि एक मुलगा मागे राहून खुर्च्या एकावर एक रचत होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. खुर्च्या संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "फादर, बायोडाटा कसा लिहितात?"

मुलगा वीस वर्षांचा. मराठवाड्यातून आलेला. दोन वर्षांपूर्वी आयटीआयमधून फिटरचा कोर्स पूर्ण केला. इथे ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला आणि अजून हेल्परच आहे. चौघे मिळून एका खोलीत राहतात. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून चौघे एका वेळी जागे असे क्वचितच असतात. सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवलेले. (हे लिहिण्याआधी मी त्याला विचारले आहे. "नाव टाकू नका, फादर," एवढेच तो म्हणाला.)

त्या रात्री मी मनातल्या मनात मोजदाद केली. त्या मिस्सेला आपल्या चर्चमध्ये दोन सुपरवायझर होते. एक भगिनी कंपनीच्या कार्यालयात काम करणारी होती. एक शिक्षिका होत्या. आणि आयुष्यभर फिटरचे काम करून निवृत्त झालेले एक काका होते. हे काका दोन वर्षे त्या मुलाच्या दोन बाक पुढे बसत आहेत. शांतीचे अभिवादन करताना दोघांनी एकमेकांना कितीदा हात जोडले असतील, देव जाणे. पण एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी मी काकांना गाठले. म्हटले, "काका, या मुलाकडे जरा लक्ष द्याल का?" ते गडबडले. म्हणाले, "फादर, माझे शिक्षण आठवीपर्यंत. बायबलमधले मला काही सांगता येत नाही. आणि खरे सांगू का? माझाच मुलगा माझे ऐकत नाही. दुसऱ्याच्या पोराला मी काय सांगणार?"

त्यांच्या शेवटच्या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. आजच्या पहिल्या वाचनाची तयारी करताना मात्र मला त्याचे उत्तर सापडले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

म्हातारा एली

शिलो येथील मंदिरात रात्र झाली आहे. दिवा अजून विझलेला नाही. बाळ शमुवेल कराराच्या कोशाजवळ झोपला आहे आणि याजक एली आपल्या जागी. एलीची नजर मंदावली आहे. देव मुलाला हाक मारतो. मुलाला वाटते, एलीनेच बोलावले. तो धावत जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जाऊन झोप. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मूल उठून आले तेव्हा एलीच्या लक्षात येते की याला देव बोलावत आहे. मग तो त्याला काय करायचे ते समजावून सांगतो : परत जा, पुन्हा हाक आली तर पळून इकडे येऊ नकोस, प्रभूला सांग की मी ऐकतो आहे.

आता हा एली कोण? आपण त्याच पुस्तकाचा आदला अध्याय वाचला तर कळते. त्याचे स्वतःचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, मंदिरात लोकांना लुबाडत होते, वाईट वागत होते. एलीने त्यांना समजावले, पण त्यांनी ऐकले नाही आणि एलीने त्यांना आवरले नाही. म्हणजे ज्याचे स्वतःचे मुलगे त्याचे ऐकत नव्हते, अशा बापाकडे देवाने शमुवेल सोपवला! काकांनी मला जे कारण दिले, तेच कारण एलीलाही देता आले असते.

पवित्र शास्त्र एलीची चूक लपवत नाही. ती चूक गंभीर होती आणि तिची किंमत त्याच्या घराण्याला मोजावी लागली. पण त्याच शास्त्राने हेही नोंदवले आहे की शमुवेलला देवाची हाक ओळखायला शिकवले ते या चुकलेल्या, थकलेल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाने. ती हाक एलीला ऐकू आली नव्हती, मुलाला आली. एलीला एवढेच कळले की ही हाक आपली नाही, आणि तसे त्याने मुलाला सांगितले.

एलीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आजचे वाचन मधली काही वचने सोडून पुढे जाते, म्हणून घरी गेल्यावर तिसरा अध्याय पूर्ण वाचा. त्या रात्री शमुवेलला जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. सकाळी मूल घाबरले, सांगेना. एलीने त्याला जवळ बोलावले आणि काहीही लपवू नकोस म्हणून बजावले. मुलाने सारे सांगितले. एली चिडला नाही, मुलाला गप्प बसवले नाही. जे ऐकले ते त्याने देवाची इच्छा म्हणून स्वीकारले. मोठ्यांविषयीचे कडू सत्य लहानाच्या तोंडून ऐकून घेणे! आपल्यापैकी किती जणांना ते जमते?

माझी कबुली

माझ्याविषयीही सांगितले पाहिजे. तो मुलगा याआधी दोनदा माझ्याकडे आला होता. एकदा मिस्सेच्या तोंडावर, एकदा सणाच्या गडबडीत. दोन्ही वेळा मी म्हणालो, "नंतर ये." एलीने दोनदा "जाऊन झोप" म्हटले, तसेच हे झाले. तिसऱ्यांदा तो आला ते खुर्च्या रचून झाल्यावर, मी रिकामा दिसलो म्हणून. तो तिसऱ्यांदा आला नसता तर? बहुतेक मुले दुसऱ्यांदाही येत नाहीत.

म्हणून आज तुमच्याकडे जे मागणार आहे, ते आधी स्वतःला बजावून मागतो आहे.

जाऊ देणारा गुरू

आजच्या शुभवर्तमानात दुसरा एक गुरू भेटतो. बाप्तिस्मा देणारा योहान आपल्या दोन शिष्यांसोबत उभा आहे. येशू समोरून जातो. योहान त्याच्याकडे पाहून तो कोण आहे हे सांगतो, आणि ते दोघे शिष्य योहानाला सोडून येशूच्या मागे चालू लागतात. योहान त्यांना थांबवत नाही. मी यांना घडवले आणि हे निघाले, अशी तक्रारही करत नाही. त्या दोघांपैकी एक आंद्रेय. तो जाऊन आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे घेऊन येतो. योहानाने आंद्रेयाला बोट दाखवले, आंद्रेयाने शिमोनाला आणले, आणि तो शिमोन पुढे पेत्र झाला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांचे 'शिक्षकाविषयी' हे छोटे पुस्तक आम्हांला अभ्यासाला होते. साधारण इ. स. ३८९ मधले. ऑगस्टीन आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा अदेओदातुस यांच्यातला तो संवाद आहे. त्याचे सार असे की माणसाचे शब्द फक्त खूण करतात. खरे काय ते अंतःकरणात उमजते, आणि तिथे शिकवणारा गुरू ख्रिस्त आहे. परीक्षेपुरते मी ते पाठ केले. पुढे कळले की हे पुस्तक झाल्यावर थोड्याच काळात तो मुलगा वारला. आज मला वाटते, एका बापाने सोळा वर्षांच्या मुलाशी इतका वेळ, बरोबरीच्या नात्याने बोलत बसावे, हाच त्या पुस्तकातला मोठा धडा आहे. तुमच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्याशी शेवटचे अर्धा तास कधी बोललात, आठवून पाहा. मार्क आणि मोबाइल हे दोन विषय सोडून.

तुरीन आणि सणसवाडी

येत्या ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को यांचा सण आहे. १८८८ साली याच तारखेला त्यांचे निधन झाले. ते ज्या तुरीन शहरात काम करत होते, ते आपल्या सणसवाडीला ओळखीचे वाटावे असे होते. खेड्यांतून कोवळी मुले कामासाठी शहरात येत. गवंड्याच्या हाताखाली, कारखान्यात, मिळेल तिथे राबत. काही तुरुंगात जात. तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को तुरुंगात भेटी देत. त्यांच्या लक्षात आले की सुटून गेलेली मुले पुन्हा तिथेच येतात, कारण बाहेर त्यांचे असे कोणी नसते. मग ८ डिसेंबर १८४१ रोजी चर्चच्या सॅक्रिस्टीत आलेल्या बार्तोलोमेओ गारेल्ली या एका पोरक्या मुलाला जवळ बसवून त्यांनी कामाला सुरुवात केली. एका मुलापासून.

त्यांनी मुलांना प्रार्थना शिकवली, खेळ दिले, आणि कामाच्या जागीही ते मुलांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१-५२ मधले त्यांचे शिकाऊ कामगारांचे करार आजही जपून ठेवले आहेत. त्यांत मालकाकडून लिहून घेतले आहे की मुलाला शब्दांनी समजवावे, मारू नये. धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत. रविवार आणि सण मोकळे द्यावेत. त्या कागदावर डॉन बॉस्को यांनीही सही केली. शिकाऊ मुलाच्या कागदावर त्याच्या बाजूने सही करणारा एक मोठा माणूस! आपल्या परिसरात आज किती पोरांच्या बाजूने असा माणूस उभा आहे?

मिकेले रुआ या लहान मुलाला डॉन बॉस्को यांनी एकदा आपला डावा तळहात पुढे करून, उजव्या हाताने तो कापल्यासारखे करून दाखवले आणि अर्धा तुझा अशी खूण केली. मुलाला काही समजले नाही. नंतर अर्थ उलगडून सांगितला : आपण दोघे सारे अर्धे अर्धे करू. तोच मुलगा मोठा झाला आणि डॉन बॉस्को यांच्यानंतर त्यांच्या संस्थेचा प्रमुख झाला. ज्याच्यावर जबाबदारी टाकली, तोच पुढे आधार झाला.

केडगावच्या मोठ्या बहिणी

इटली दूर वाटत असेल तर शेजारच्या दौंड तालुक्यात चला. केडगावचे मुक्ती मिशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक सभेच्या नव्हत्या, पण ख्रिस्ताच्या होत्या, आणि चांगले उदाहरण कुठूनही घ्यावे. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. इतक्या मुलींना न्हाऊ घालायचे, जेवू घालायचे, रात्री रडतील तेव्हा जवळ घ्यायचे, अक्षरे शिकवायची. एकट्या बाईला हे कसे झेपणार?

ते झेपले, कारण रमाबाईंच्या शारदा सदनात आधीपासून शिकणाऱ्या मुली पुढे आल्या. त्यांत कितीतरी बालविधवा होत्या, ज्यांना समाजाने अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवले होते. त्याच आता धाकट्या मुलींच्या ताई झाल्या, शिक्षिका झाल्या. नव्याने आलेल्या मुलीचे दुःख त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते, कारण त्या त्यातून गेल्या होत्या. पुढे मुक्तीच्या छापखान्यात बायका-मुलींनी स्वतः खिळे जुळवले आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. काम थांबले नाही, कारण काम करणारे हात तयार झाले होते.

म्हणून काकांना मी आता सांगू शकतो : आठवीपर्यंतचे शिक्षण आड येत नाही. घरातली जखमही आड येत नाही, उलट तिच्यामुळे तुम्हांला दुसऱ्याची जखम लवकर दिसेल.

पोकळी रिकामी राहत नाही

आपण सारे १ जानेवारी २०१८ विसरलेलो नाही. कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात त्या दिवशी दगडफेक, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. कोण चूक, कोण बरोबर, हे मी इथे बोलणार नाही. एक धर्मगुरू म्हणून एवढेच म्हणतो की त्या दिवशी रस्त्यावर कितीतरी कोवळे चेहरे होते. तरुण मुलाच्या आयुष्यातली मोठ्या माणसाची जागा रिकामी राहत नाही. आपण ती घेतली नाही तर कोणीतरी घेतोच : त्याच्या रागाचा उपयोग करणारा, त्याला बाटली देणारा, मोबाइलवर पैशांचा जुगार शिकवणारा. या लोकांना वेळ असतो. ते रात्री अकरालाही फोन उचलतात. आपण मात्र "नंतर ये" म्हणतो.

तुमच्याकडे काय मागतो आहे

डॉन बॉस्को यांच्या सणानंतरच्या रविवारपासून आपण 'युवा सोबती' हा उपक्रम सुरू करत आहोत. चौदा वर्षांपासून पंचवीस वर्षांपर्यंतच्या आपल्या मुलामुलींचे छोटे गट असतील. प्रत्येक गटात सात-आठ जण आणि त्यांच्यासोबत दोन मोठी माणसे. महिन्यातून दोनदा, मिस्सेनंतर दीड तास. ज्यांची सुट्टी रविवारी नसते त्यांच्यासाठी वेगळा वार ठरवू. बांधिलकी एका वर्षाची. आधी चार बैठकांत आपण तयारी करू.

बैठकीत काय करायचे? बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डिन यांनी तरुण कामगारांसाठी एक साधी रीत घालून दिली. पाहा, पारखा, कृती करा. त्यांची तरुण ख्रिस्ती कामगार चळवळ १९२५ मध्ये उभी राहिली, आणि १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात या रीतीची शिफारस केली. या आठवड्यात कामावर, कॉलेजात, घरी काय घडले ते मुले सांगतील. शुभवर्तमानाच्या उजेडात ती त्याचा विचार करतील. पुढच्या भेटीपर्यंत करायची एक छोटी गोष्ट ठरवतील. बोलायचे मुलांनी. सोबत्याने बहुतेक वेळ ऐकायचे, आणि पुढच्या वेळी आठवणीने विचारायचे, "त्याचे काय झाले?" पहिले काही महिने बैठक तुम्ही चालवा. वर्ष संपेपर्यंत ती मुलांपैकीच कोणीतरी चालवत असला पाहिजे. तसे झाले तर तुमचे काम यशस्वी झाले.

काही नियम मात्र पक्के. बंद खोलीत एकट्या मुलासोबत कोणीही मोठा माणूस बसणार नाही, मीसुद्धा नाही. मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, निरोप गटात द्यायचा आणि पालकांना ठाऊक असला पाहिजे. पैशांची देवघेव नको. मूल काही गंभीर सांगू लागले तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन द्यायचे नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक सोबत्याला पाठ हवा. हे नियम अविश्वासामुळे नाहीत. आपल्या ख्रिस्तसभेत मुलांच्या विश्वासाचा घात झाला आहे, हे कबूल करूनच आपण पुढे जाऊ शकतो.

मार्च २०१८ मध्ये जगभरातून सुमारे ३०० तरुण रोममध्ये जमले होते. आम्हांला कसा मार्गदर्शक हवा, हे त्यांनी सांगितले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या आपल्या प्रेरितिक बोधपत्रात त्याची दखल घेतली. त्या मुलांनी परिपूर्ण माणूस मागितला नाही. स्वतःच्या चुका मान्य करणारा, आम्हांला मागे ओढत न नेता सोबत चालणारा माणूस त्यांनी मागितला. मार्गदर्शकाला देव्हाऱ्यात बसवले आणि तो पडला तर तरुणांची श्रद्धाही ढासळते, असेही ते म्हणाले.

शेवटी, काका आणि तो मुलगा यांचे काय झाले ते सांगतो. काकांना बायोडाटा लिहिता येत नव्हता. पण त्यांना ठाऊक होते की आपल्यातल्या शिक्षिकेला येतो. ते मुलाला त्यांच्याकडे घेऊन गेले, आंद्रेयाने शिमोनाला नेले तसे. शिक्षिकेने एका पानात तो लिहून दिला. त्यानंतर काकांनी घरातून आपले जुने व्हर्निअर आणले, चर्चच्या ओट्यावर बसून मुलाला मापे घ्यायला लावली, आणि मुलाखतीला हे हातात दिले तर घाबरायचे नाही असे सांगितले. नोकरी अजून लागलेली नाही. पण गेल्या रविवारी तो मुलगा दोन बाक पुढे येऊन काकांशेजारी बसला होता.

ज्यांना सोबती व्हायचे आहे त्यांनी आज मिस्सेनंतर आपले नाव माझ्याकडे द्यावे. आणि ज्यांना "मी काय शिकवणार?" असे वाटते त्यांनी तर नक्की द्यावे.

प्रार्थना करू या : हे प्रभू, आमच्या मुलांना तू हाक मारत आहेस. आमची नजर मंदावली असली तरी दिवा विझण्याआधी आम्हांला जागे कर. त्यांचे कडू बोल ऐकण्याचे धैर्य दे, आणि तू त्यांना नेशील तेव्हा हात सोडण्याचे बळ दे. आमेन.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू